आज दिसला नाही

माझं मेडिकलचं दुकान आणि टिपणीस मॅडमची लॅब यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. नळ सोडल्याचा आवाज, काचपट्ट्या रॅकमध्ये ठेवतानाची बारीक किणकिण, आणि मॅडमचं गुणगुणणं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्या गुणगुणायला लागायच्या. ओळखू येईल असं गाणं नसायचं. भाजी निवडताना बायका लावतात तसा नुसता एक सूर. तो मध्येच थांबला की मी हातातलं काम ठेवून कान द्यायचे. लगेच पुन्हा सुरू झाला तर काही नाही. नाही झाला तर समजायचं, मलेरियाचा जंतू सापडला. मग थोड्या वेळाने मॅडम पेशंटला घेऊन माझ्या काउंटरपाशी यायच्या आणि मला नव्हे, त्यालाच सांगायच्या की ताप उतरला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, ताप गेला म्हणजे तो गेला असं नाही, तो लिव्हरमध्ये जाऊन झोपतो. पेशंट मान डोलवायचा. मॅडमचा त्या मानेवर विश्वास नसायचा. त्या त्याच्याकडून सगळं परत म्हणवून घ्यायच्या.

आमचे गाळे कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या अंगाला होते. मी दुकान टाकलं तेव्हा समोर बिल्डरने ठोकलेले निळे पत्रे होते. पत्र्यांच्या आड पायाचे खड्डे, खड्ड्यांत साचलेलं पाणी आणि पाण्याच्या कडेने कामगारांच्या खोल्या. तापाची माणसं तिथून यायची. माझ्याकडे तापाची गोळी मागायची, घेऊन परत कामावर जायची. डोंबिवली स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे जायचं तर अख्ख्या दिवसाचा खाडा, आणि खाडा कोणालाच परवडत नव्हता.

अशात एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. साठीच्या जवळपासच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, आखूड कापलेले पांढरे केस, आणि एक लाकडी पेटी दोन्ही हातांनी उराशी धरलेली. रिक्षावाला पेटी घ्यायला पुढे झाला तर त्यांनी नुसती मान हलवून त्याला थांबवलं. मला वाटलं, शेजारी शिवणकामाचे क्लास निघणार. दुसऱ्या दिवशी पाटी लागली. डॉ. यू. टिपणीस, पॅथॉलॉजिस्ट. चौकशी केली तेव्हा कळलं की बाई ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात कित्येक वर्षं लॅबच्या प्रमुख होत्या. टेंभी नाक्याजवळ राहायच्या आणि रोज बस बदलत शीळफाट्यावरून इथे यायच्या. इतकी शिकलेली बाई या धुळीत कशाला आली, हे मला कळेना. एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "ताप इथे आहे म्हणून." आणि विषय संपला.

त्यांच्याशी बोलणं हे एक कामच होतं. त्या कमी बोलायच्या आणि बोललेल्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य यायचं नाही. दुपारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे जायला लागले, ते माझं मीच ठरवलं. त्यांनी बोलावलं नाही, नको म्हणाल्या नाहीत. त्यांच्या डब्यात पोळी आणि एकच भाजी. चहा मागवायच्या आणि तो गार झाल्यावर प्यायच्या, कारण काचपट्टी अर्धी बघून उठायचं नाही हा त्यांचा नियम होता. घरी कोण असतं, लग्न झालं होतं का, भाऊ-बहीण कोणी आहे का, हे मला पहिली कित्येक वर्षं माहीत नव्हतं. त्यांना मात्र माझं सगळं ठाऊक होतं. माझ्या मुलीच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची कंपनी बंद पडणार अशी आवई. त्या ऐकून घ्यायच्या आणि महिन्याभराने एखाद्या दिवशी नेमकं विचारायच्या, "गुडघ्यांचं काय झालं गं?"

पेशंटला त्या पहिला प्रश्न विचारायच्या तो नावाचा नाही. कुठल्या टॉवरवर, कितव्या माळ्यावर काम चालू आहे, असं. फोन नंबरचा उपयोग नव्हता. एका मोबाइलवर चौघे बोलायचे आणि रिचार्ज संपला की नंबर मेला. माणूस सापडायचा तो कामाच्या जागी. बिल्डिंग वाढत जायची तसा पत्ताही वर सरकायचा. मागच्या आठवड्यात सहाव्या माळ्यावर असलेला गवंडी आता आठव्यावर. मॅडमच्या डोक्यात हे सगळे माळे असायचे.

बोटाला सुई टोचताना त्यांचा हात इतका हलका की लहान पोरंही रडायची नाहीत. एका काचेवर त्या दोन गोष्टी करायच्या. एका टोकाला रक्ताचा जाड थेंब, दुसऱ्या टोकाला रक्त पातळ पसरलेलं. जाड थेंबात रक्त जास्त, म्हणून जंतू तिथे शोधायचा. पातळ थरात त्याचा चेहरा नीट दिसतो, म्हणून तो कुठल्या जातीचा ते तिथे ओळखायचं. शिवाय त्या झटपट निकाल देणारं किटही वापरायच्या, ज्याच्यावर रेघ उमटते ते. किटला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. पण एका बाबतीत त्या हटूनच बसायच्या. जंतू सापडला नाही तर पेशंटला त्या कधीही "मलेरिया नाही" असं म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "आज दिसला नाही." हिंदीवाल्याला हिंदीत, मराठीला मराठीत. "आज दिसला नाही. उद्या ताप आला तर उद्या परत ये. परवा आला तर परवा ये." मग त्याला विचारायच्या, "काय सांगितलं मी?" तो म्हणायचा, मलेरिया नाही. त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. रांगेतली माणसं वैतागायची. मीसुद्धा भिंतीअलीकडे कधी कधी वैतागायचे.

याच वाक्यावरून त्यांचं शिंदे मुकादमाशी वाजलं. शिंदे साताऱ्याकडचा. त्याच्या हाताखाली बरेच मजूर होते आणि तापाची माणसं तोच आणायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्यालाही वरून बोलणी बसायची. सेफ्टीवाला साहेब आजारी मजुराला कामावर घ्यायचा नाही, आणि घ्यायचं तर मलेरिया नसल्याचा कागद मागायचा. शिंदेचं म्हणणं होतं की तपासणी झालीच आहे, काही निघालं नाही, तर "निगेटिव्ह" असा एक शब्द लिहून द्यायला काय हरकत आहे. मॅडम म्हणाल्या की आज दिसला नाही असं लिहून देते, आणि उद्या परत तपासायचं असंही लिहिते. शिंदे म्हणाला, "मॅडम, असल्या कागदावर साहेब मला हाकलून देईल. नाक्यावरचा लॅबवाला पाच मिनिटांत देतो लिहून."

"मग त्याच्याकडे जा," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. जणू रस्ताच सांगत होत्या.

शिंदे गेला आणि त्याची माणसंही गेली. दोन-तीन महिने लॅबमध्ये शुगर आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्यांशिवाय काही नव्हतं. भिंतीपलीकडून सूर येईना. मी एकदा म्हटलं की मॅडम, एका शब्दाने काय होतंय, सगळेच लिहितात. त्यांनी पोळीचा घास मोडला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "तुला नाही कळायचं ते." मला राग आला. दोन दिवस मी डबा माझ्याच काउंटरवर खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदाच दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात डबा. मी स्टूल पुढे केलं.

पुढच्या पावसाळ्यात लता आली. नांदेडकडची, विशीतली, काटक. नवरा बालाजी फरशी बसवायचा आणि ती त्याच्या हाताखाली माल कालवायची. शिंदेच्याच टोळीतली होती, पण नाक्यावरच्या लॅबला कुलूप होतं म्हणून इकडे आली. अंगात ताप होता, दात वाजत होते. मॅडमनी काचपट्टी केली, किट केलं. बराच वेळ सूर चालू होता, थांबला नाही. मग त्यांचं वाक्य ऐकू आलं, आज दिसला नाही, उद्या ये. लताने ते नीट म्हणून दाखवलं. शहाणी होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपार झाली तशी मॅडम सारख्या दारात यायला लागल्या. जेवल्या नाहीत. मग एकाएकी पर्स घेऊन, दाराला कुलूप लावून पत्र्यांच्या दिशेने निघाल्या. त्या पर्समध्ये कंगवा-पावडर नसायची. किटं, कोऱ्या काचपट्ट्या, सुया आणि स्पिरिटचा बोळा. रस्त्यावर चिखल होता आणि त्या एकट्याच निघाल्या होत्या, ते मला बघवेना. मी शटर ओढलं आणि मागे गेले.

खोलीत लता नव्हती. शेजारणीने सांगितलं की टोळी सकाळीच टेम्पोने कोलशेतच्या साइटवर गेलीय, तिकडे फरशीचं काम अर्जंट होतं. मला वाटलं, आता परत फिरायचं. मॅडमनी रिक्षाला हात केला. ठाण्याच्या त्या टोकापर्यंत यायला रिक्षावाले तयार होईनात. दोन नाही म्हणाले, तिसरा तयार झाला.

कोलशेतच्या त्या इमारतीला लिफ्ट बसली नव्हती. कठडे नसलेल्या जिन्याने आम्ही चढायला लागलो. प्रत्येक माळ्यावर मॅडम थांबायच्या, श्वास घ्यायच्या, विचारायच्या, फरशीवाले कुठे, आणि पुन्हा चढायच्या. मी मधे एकदा म्हटलं की तुम्ही इथे बसा, मी बघून येते. त्यांना ऐकू आलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही.

लता एका बिनदाराच्या खोलीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झोपली होती. बालाजी पलीकडच्या खोलीत फरशी कापत होता. ती दमलीय, झोपू दे, असं त्याला वाटलं होतं. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या, तिचा डोळा उघडून पाहिला, गालावर थापट्या मारल्या. तिने डोळे उघडले. ओळखलं.

"आता बरं वाटायलंय बाई," ती म्हणाली. "ताप नाही. नुसती झोप यायलीय."

मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी तिचं बोट धरलं, सुई टोचली, थेंब किटवर घेतला. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो. बालाजी हातात कटर तसाच धरून उभा. आधी एक रेघ आली, जी यायलाच हवी ती. मग हळूहळू दुसरी आली. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या की मेंदूवर जाणारा मलेरिया आहे, आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं, ही झोप झोप नाही.

लताला खाली कोणी आणलं असेल तर शिंदेने. आवाज ऐकून तो वर आला, मॅडमना पाहून क्षणभर गोंधळला, आणि मग काही न विचारता त्याने तिला खांद्यावर घेतलं. साइटच्या साहेबाची गाडी त्यानेच मागून आणली. सरकारी इस्पितळात मॅडम ड्यूटीवरच्या मुलीएवढ्या डॉक्टरशी अगदी हळू आवाजात बोलल्या. सलाइन लागलं, इंजेक्शन सुरू झालं, तरी त्या बाकावरून उठेनात. डॉक्टरीणबाईने दोनदा येऊन सांगितलं की आता आम्ही आहोत, तुम्ही जा. तेव्हा उठल्या.

मॅडमना घरी न जाता आधी लॅबमध्ये परत यायचं होतं; येताना शीळफाट्यावर ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली. इंजीन बंद करून रिक्षावाला उतरला. बाहेर संध्याकाळ होत होती. समोर बघत मॅडम बोलायला लागल्या.

त्या मोठ्या इस्पितळात असताना एक पेंटर तपासणीसाठी आला होता. ताप होता. काचपट्टी त्यांनी स्वतः पाहिली. जंतू नव्हते. रिपोर्टवर निगेटिव्ह लिहून त्यांनी सही केली. पेंटर तो कागद घेऊन आनंदाने गेला, कामावर चढला, ताप आला तरी गोळी खाऊन चढत राहिला, कारण त्याला मलेरिया नाही असं कागदावर होतं. तीन-चार दिवसांत तो गेला. मलेरियानेच. मग त्याचा भाऊ इस्पितळात आला. भांडायला नव्हे. तो लॅबच्या खिडकीशी उभा राहिला आणि त्याने एवढंच विचारलं, "बाई, निगेटिव्ह म्हणजे वाईटच ना? मग त्याला घरी कसं पाठवलं?"

"मी काय सांगणार त्याला," मॅडम म्हणाल्या. "तो म्हणत होता तेच बरोबर होतं."

इस्पितळाने चौकशी केली. रिपोर्ट बरोबर होता, कोणाचीच चूक नव्हती. हा जंतू सुरुवातीला लपून बसतो, एका तपासणीत दिसतोच असं नाही, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. मॅडमनी मात्र ती जुनी काचपट्टी काढली आणि एका रविवारी रिकाम्या लॅबमध्ये बसून ती पुन्हा पाहिली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"सापडला?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सापडला असता तर बरं झालं असतं गं. चूक तरी माझी झाली असती."

रांग हलली. रिक्षावाला येऊन बसला.

लता वाचली. मॅडम रोज ठाण्याहून निघताना आधी इस्पितळात जायच्या, मऊ भात आणि मेतकूट घेऊन. एकदा मी बरोबर गेले होते. लता उठून बसली होती, केस विंचरलेले. तिच्या तोंडाची टकळी चालू. कोणी गावाकडून आलं, बालाजीने किती रडारड केली, शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरते. मग मध्येच तिने विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतंय?"

"मी असते," मॅडम म्हणाल्या.

लता हसायला लागली. तिला वाटलं बाईंनी गंमत केली. मॅडमही थोड्या हसल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी सोडल्यावर लता लॅबमध्ये दाखवायला येणार होती. मॅडमनी तिला पुढच्या आठवड्याचा वार सांगितला होता आणि तिने तो म्हणून दाखवला होता. त्या दिवशी मॅडम खायला काहीतरी घेऊन आल्या होत्या, मिठाईच्या दुकानाचा खोका होता. संध्याकाळपर्यंत तो टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याच्या खोल्यांकडे जाऊन आल्या. लताच्या खोलीत दुसरंच कुटुंब होतं. टोळीतले फरशीवाले पुण्याकडे कुठेशी गेले, एवढंच त्यांना माहीत होतं. मॅडमनी मला हे सांगितलं आणि म्हणाल्या की बरंय, म्हणजे काम करण्याइतकी ताकद आली तिला. खोका त्यांनी माझ्या मुलीसाठी दिला.

असं सगळ्यांचंच व्हायचं. बरा झालेला माणूस पुन्हा लॅबची पायरी कशाला चढेल. जो यायचा तो तापलेला यायचा, आणि बरा झाला की ट्रक-टेम्पोत बसून पुढच्या खड्ड्याकडे जायचा. शिंदे तेवढा आता पुन्हा यायला लागला आणि येत राहिला. तो आपला एकेक तापलेला माणूस घेऊन यायचा आणि बाकावर बसून राहायचा. "आज दिसला नाही" म्हटलं की मजुराच्या आधी तोच म्हणायचा, उद्या आणतो. मग त्याचंही काम संपलं आणि तोही गेला.

टॉवर पुरे झाले. पत्रे निघाले, खड्ड्यांच्या जागी बगीचे आणि पोहण्याचे तलाव आले. खिडक्यांत पडदे लागले. माझं दुकान चांगलं चालायला लागलं, कारण नव्या लोकांना बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या लागायच्या. पण ते लॅबमध्ये यायचे नाहीत. मोबाइलवर बटण दाबलं की टी-शर्ट घातलेला मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जायचा. मॅडमच्या बाकावर कधी वॉचमन, कधी धुणीभांड्याच्या बायका, कधी रिक्षावाला. त्या मात्र पूर्वीच्याच वेळी यायच्या, पूर्वीच्याच वेळी जायच्या. मधल्या रिकाम्या वेळात दारात खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तो अकरावा माळा दिसतो ना, तिथे काम करणारे तिघे भाऊ होते. तिघांनाही एकाच आठवड्यात झाला होता." अकराव्या माळ्यावर कोणाचा तरी गालिचा वाळत होता.

तशाच एका दुपारी त्यांना समोरच्या गॅलरीचं ग्रिल वाकडं दिसलं. त्यांनी मला विचारलं, ते ग्रिल वाकलंय का. मी म्हटलं, नाही, सरळ आहे. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लॅब बंद होती. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होत होता. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला सुरुवात झाली. डावा अजून ठीक होता, तेव्हा त्या डाव्या डोळ्याने बघायला लागल्या.

पण त्यांना स्वतःची खात्री वाटेना. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी ठाण्यात लॅब चालवायची. मॅडम रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या सगळ्या काचपट्ट्या तिच्याकडे पोचवायला लागल्या. तिने काय पाहिलं ते तिने सांगायचं, मॅडमनी काय पाहिलं ते तिला सांगायचं नाही. मी म्हटलं की आता किट आहे, कशाला एवढा त्रास. त्या म्हणाल्या की किटलाही कधी कधी दिसत नाही, म्हणून तर मी आहे. काही आठवडे दोघींचं जुळत होतं. मग एका सकाळी त्यांचा फोन वाजला. मी भिंतीअलीकडे होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, दोनदा "हो" म्हणाल्या आणि ठेवला.

एका रिक्षावाल्याच्या काचपट्टीत त्या विद्यार्थिनीला जंतू दिसले होते. थोडे, पण होते. साध्या जातीचा मलेरिया. मॅडमना ते दिसले नव्हते. त्यांनी स्टँडवर जाऊन त्याला शोधलं आणि लॅबमध्ये आणून समोर बसवलं. म्हणाल्या, "काल माझ्याकडून चुकलं. तुम्हाला मलेरिया आहे." तो ओशाळला. होतं असं मॅडम, म्हणाला, तुम्ही परत बोलावलंत ना. मी त्याला गोळ्या दिल्या. तो बरा झाला, पुढे कित्येक दिवस आमच्यासमोरून हॉर्न वाजवत जायचा.

मॅडमनी त्या आठवड्यात लॅब बंद केली. निरोपाचं काही नाही. आलेल्यांना त्या नाक्यापलीकडच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता समजावून सांगत होत्या. शेवटच्या दिवशी ती विद्यार्थिनी गाडी घेऊन आली. मायक्रोस्कोप पेटीत ठेवून, कडी लावून मॅडमनी पेटी तिच्या हातात दिली. माझ्याकडे वळून म्हणाल्या की दुपारी जेवण वेळेवर करत जा. मी म्हटलं, हो. त्यांचा गाळा आता मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतलाय. दिवसभर गाणी लावतो.

फोन केला की त्या दोन वाक्यांत आटपायच्या. म्हणून गेल्या नवरात्राच्या आधी मी सरळ ठाण्याला गेले. टेंभी नाक्याला मांडव उभारायचं काम चालू होतं, बांबू आणि दोऱ्यांमधून वाट काढत त्यांची जुनी तीन मजली इमारत शोधली. दारावर पाटी होती, उषा टिपणीस. इतक्या वर्षांत त्यांचं नाव उषा आहे हे मला माहीत नव्हतं. दार उघडून त्या किंचित बाजूला बघत उभ्या राहिल्या. मधोमध काही दिसत नाही, त्या म्हणाल्या, कडेने दिसतं, म्हणून समोरच्या माणसाला बघायचं तर दुसरीकडे बघावं लागतं. दोन्ही डोळे तसेच झाले होते.

घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी उपडी. त्यांनी कुकर लावलेला होता. मी आणलेली फळं त्यांनी हाताने चाचपून टोपलीत ठेवली आणि गुडघ्यांचं, मुलीच्या नोकरीचं, सगळं विचारलं. लॅबचं काही विचारलं नाही. मी उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "जेवून जाशील का?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे. मी थांबले. वरणभात होता, लिंबू होतं. वाढताना त्यांचा हात ताटाच्या कडेपर्यंत जाऊन थांबायचा, तिथून अंदाज घ्यायचा. जेवण झाल्यावरही मी बसले. पुढे पुढे बोलायला काही उरलं नाही, तरी बसले. खालून मांडववाल्यांच्या ठोकण्याचा आवाज येत होता.

निघताना त्या म्हणाल्या की गॅलरीत येते, तू खाली गेलीस की वर बघ. मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि वर पाहिलं. त्या कठड्याशी उभ्या होत्या, मान जराशी वळवून रस्ता शोधत. मी हात हलवला. त्यांना दिसला नाही. पलीकडच्या फुटपाथवरून माझ्याच अंगकाठीची एक बाई पिशवी घेऊन चालली होती. मॅडमना ती दिसली. त्यांनी हात वर केला आणि हलवायला लागल्या. मी हाक मारणार होते, पण ती बाई थबकली. तिने वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तिनेही हात हलवला, आणि आपल्या वाटेने चालू लागली. मॅडम तिच्या दिशेने हात हलवत राहिल्या. ती मांडवाच्या बांबूंआड दिसेनाशी होईपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या, आणि त्या आत जाईपर्यंत मी खाली.